दाढीच्या घट्ट साबणाचा फेस

दाढी करण्यासाठी बनवलेल्या घट्ट साबणाच्या वडीवर ओला ब्रश फिरवून, त्यात पाणी व हवा मुरवत जो दाट, ओलसर आणि टिकाऊ फेस काढला जातो, त्याला दाढीचा फेस म्हणतात. फेस पांढराशुभ्र आणि भरघोस दिसला म्हणजे तो चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दाढीच्या केसांजवळ काही मिनिटे पाणी धरून ठेवणे आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर राखणे, ही फेसाची खरी कामे होत. म्हणून त्याची पारख आकारमानावरून न करता त्यात साबण किती व पाणी किती यावरून करावी लागते. हवेने फुगलेला पोकळ फेस कपडे भिजवलेल्या बादलीतही दिसतो, पण त्याने दाढी होत नाही. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. तो पाणी शोषून किंचित फुगतो व मऊ पडतो, आणि मग तो कापण्यास लागणारा जोर कोरड्या केसाच्या मानाने बराच कमी होतो.

महाराष्ट्रातील पारंपरिक न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, चामोटे, चिमटा, नराणी आणि पाण्याची वाटी असे, साबण नसे. न्हावी बोटे पाण्यात बुडवून गालावरचे खुंट बराच वेळ चोळत असे आणि ते मऊ झाल्यावर वस्तरा चालवत असे. केस भिजवण्याला फेसाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे, हे त्या पद्धतीत उघड होते. साबणाने इतकेच साधले की भिजवलेले पाणी लगेच ओघळून वा सुकून जाणे थांबले. पुढे अमेरिकेत 1919 मध्ये 'बार्बासॉल' हे ब्रशविना लावायचे मलम निघाले, विसाव्या शतकाच्या मध्यास दाबाच्या डब्यातून तयार फेस मिळू लागला, आणि वडी व ब्रश हे साहित्य बहुतेक घरांतून मागे पडले. भारतीय बाजारात गोल वडीच्या, कांडीच्या आणि छोट्या वाटीत बसवलेल्या रूपांत घट्ट साबण अद्याप मिळतो. गोदरेज कंपनीचा 'शेव्हिंग राउंड' हा त्याचा पुष्कळांच्या परिचयाचा नमुना आहे.

साबणाची घडण : तेल किंवा चरबी यांवर अल्कलीची क्रिया केली असता साबण आणि ग्लिसरीन तयार होतात. अल्कली म्हणून कॉस्टिक सोडा वापरल्यास सोडियमचा घट्ट साबण मिळतो. कॉस्टिक पोटॅश वापरल्यास पोटॅशियमचा मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा साबण मिळतो. आंघोळीची वडी बहुधा केवळ सोडियमच्या साबणाची असते, तर दाढीच्या साबणात सहसा दोन्हींचे मिश्रण असते : सोडियममुळे वडी आकार धरते आणि पोटॅशियममुळे ती ब्रशवर चढते. फेसाचा पोत मात्र मुख्यतः मेदाम्लांवर, म्हणजे तेल-चरबीतून साबणात येणाऱ्या अम्लांवर, ठरतो. खोबरेल तेलात विपुल असणाऱ्या, 12 कार्बन अणूंच्या लॉरिक अम्लाचा साबण झटपट फेसाळतो, परंतु त्याचे बुडबुडे मोठे असतात व लवकर फुटतात. 18 कार्बन अणूंच्या स्टिअरिक अम्लाचा साबण सावकाश फेस देतो, पण तो फेस बारीक, दाट आणि दीर्घकाळ टिकणारा असतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक अम्लाचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवलेले असते ते यासाठीच, आणि त्याची किंमतही वापरणाऱ्याला तेथेच मोजावी लागते; कारण सोडियम स्टिअरेट, म्हणजे स्टिअरिक अम्लाचा सोडियमचा साबण, गार पाण्यात फारच थोडे विरघळते. घट्ट वडी 'फेस देत नाही' अशी तक्रार जेव्हा होते, तेव्हा ज्या गुणामुळे फेस टिकतो त्याच गुणाबद्दल ती बहुधा असते.

युरोप व अमेरिकेतील जुन्या दाढीच्या साबणांत गुरामेंढ्यांची चरबी हा प्रमुख घटक होता आणि काहींत तो आजही आहे. भारतात प्राणिज चरबीला अनेकांचा धार्मिक आक्षेप असल्याने साबणधंद्याला वेगळे वळण मिळाले. मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी 1920 च्या सुमारास वनस्पती तेलांचा आंघोळीचा साबण बाजारात आणला तो या पार्श्वभूमीवर. स्टिअरिक व पामिटिक अम्ले पामतेलासारख्या वनस्पतिज द्रव्यांतूनही मिळत असल्याने चरबीविना उत्तम फेस देणारा साबण करता येतो. चरबीशिवाय खरा फेस नाही, हे काही शौकिनांचे मत रसायनशास्त्राला धरून नाही.

उत्तम प्रतीच्या वड्या रुळांतून अनेकदा दळून व दाबून घडवतात. त्यांत पाणी कमी उरते, त्या दगडासारख्या कठीण होतात आणि रोजच्या वापरातही कित्येक महिने पुरतात. फेस काढण्यास अवघड म्हणून नाव झालेल्या साबणांत इंग्लंडमधील लोकरीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रॅडफर्ड शहरातील 'मिचेल्स वुल फॅट' या लोकरीच्या मेणाने युक्त साबणाचा आणि अमेरिकेतील जे. बी. विल्यम्स कंपनीच्या 'मग सोप' या वडीचा उल्लेख नेहमी होतो. दोहोंचे निष्ठावंत चाहतेही तितकेच आहेत. आणि चाहते व टीकाकार यांच्यातील फरक बहुतेक वेळा ब्रश वडीवर किती वेळ फिरवला एवढाच निघतो.

पाणी : साबण निर्दोष असूनही फेस धरत नसेल, तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा. ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात त्याला शास्त्रीय परिभाषेत दुष्फेन पाणी आणि बोलीत जड पाणी म्हणतात. दुष्फेन या शब्दातच त्याचा दोष सांगितलेला आहे. अशा पाण्यात कॅल्शियम साबणातील मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो. बादलीच्या कडेला बसणारा राखाडी, चिकट थर तो हाच. जो साबण साका होण्यात खर्च पडतो तो फेसाला उपयोगी पडत नाही, म्हणून जड पाण्यात तेवढ्याच फेसासाठी साबण जास्त लागतो, आणि झालेला फेसही लवकर मरतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) एकूण दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला 200 मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. पिण्यास चालणारे पाणी दाढीच्या साबणाला चालेलच असे नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

महाराष्ट्रात हा फरक गावागणिक जाणवतो. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. उलट तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या जलाशयांतून मुंबईला मिळणारे पाणी बरेच मृदू आहे. पुण्यासारख्या शहरात तर धरणाचे पाणी नळाला आले त्या दिवशी आणि टँकरचे वा बोअरचे पाणी टाकीत भरले त्या दिवशी, एकाच ब्रशने एकाच वडीचा वेगळा फेस निघतो. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसालाही हाच अनुभव येतो, कारण तेथील पाणी खडूच्या थरांतून झिरपलेले असल्याने बरेच जड आहे, तर स्कॉटलंडमधील पाणी प्रायः मृदू आहे.

दोष साबणाचा की पाण्याचा, हे ठरवण्यासाठी औषधाच्या किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घेऊन एकदा फेस काढून पाहावा. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर पागोळीखाली धरलेले पाणीही या परीक्षेला उत्तम चालते. दुष्फेनता बायकार्बोनेटांमुळे असेल तर पाणी उकळून निवळल्यावर ती बरीच कमी होते. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेली दुष्फेनता उकळून जात नाही. वाटीभर पाण्यात लिंबूफुलाची, म्हणजे सायट्रिक अम्लाची, अगदी चिमूट टाकल्याने कॅल्शियम बांधला जातो व फेस सुधारतो, मात्र चिमटीचा चमचा झाला की आम्लामुळे खुद्द साबणच फाटतो. धुण्याचा सोडा पाणी मृदू करतो खरा. चेहऱ्यासाठी तो वापरू नये.

ब्रश : दाढीचे ब्रश बॅजर या प्राण्याच्या, डुकराच्या किंवा घोड्याच्या केसांचे अथवा कृत्रिम तंतूंचे असतात. बॅजरचे केस आपल्यामध्ये पुष्कळ पाणी धरतात. डुकराचे केस ताठ असून स्वतः पाणी शोषतात, त्यामुळे ते वापरापूर्वी काही मिनिटे कोमट पाण्यात भिजत ठेवावे लागतात. न भिजवल्यास दाढी अर्ध्यावर आली असताना ब्रशच फेसातले पाणी पिऊन टाकतो. घट्ट वडीवर ताठ केसांचा हा ब्रश विशेष उपयोगी पडतो, शिवाय तो स्वस्तही असतो. कृत्रिम तंतू पाणी शोषत नाहीत. म्हणून त्यांना भिजवण्याची गरज नसते, पण त्यांतून पाणी एकदम सुटत असल्याने ते आधी चांगले झटकावे लागतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या केसांच्या स्वस्त ब्रशांमुळे ब्रिटन व अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना काळपुळी (अँथ्रॅक्स) हा रोग झाल्याची प्रकरणे घडली होती आणि त्यानंतर अशा केसांच्या निर्जंतुकीकरणाकडे कसोशीने लक्ष दिले जाऊ लागले.

फेस काढण्याची रीत : प्रथम चेहरा कोमट पाण्याने धुऊन केस दोन-तीन मिनिटे ओले राहू द्यावेत, आंघोळीनंतर दाढी केल्यास हे काम आपोआप होते. तेवढ्या वेळात वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवले असता तिचा वरचा थर मऊ पडतो, आणि फार कठीण वडीच्या बाबतीत ही पायरी टाळू नये. नंतर ते पाणी ओतून द्यावे, किंवा त्यात साबणाचा अंश उतरलेला असल्याने गालाला चोळावे. ब्रश भिजवून हलकेच झटकावा, इतका की तो ओला राहील पण गळणार नाही. आणि मग वडीवर गोल फिरवावा.

बहुतेकांची चूक येथे होते. वडीवर दहा-बारा फेऱ्यांत पांढरे बुडबुडे दिसू लागले की फेस झाला असे वाटते आणि ब्रश गालाला लागतो. वास्तविक तो फेस नसून वडीवरचे पाणी फेसाळलेले असते. ब्रश अर्धा मिनिट, कठीण वडी व जड पाणी असल्यास मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक, फिरवत राहावे लागते. सुरुवातीचे मोठे बुडबुडे विरून ब्रशच्या टोकांवर चिकट, दाट लेप चढतो. ब्रश वडीला किंचित ओढ देऊ लागतो. हा लेप साधारण मऊ लोण्याच्या पोताचा झाला म्हणजे साबण पुरेसा आला असे समजावे. पाणी मागाहून केव्हाही घालता येते. कमी पडलेला साबण मात्र चेहऱ्यावर ब्रश कितीही घासला तरी निर्माण होत नाही, त्यासाठी पुन्हा वडीकडेच जावे लागते.

यापुढचा फेस वाटीत, तळहातावर किंवा थेट चेहऱ्यावर फेटता येतो. वाटीत फेटल्यास पाण्याचे प्रमाण डोळ्यांना दिसते, म्हणून शिकाऊ माणसाला वाटी बरी. खडबडीत तळाची वाटी असल्यास बुडबुडे अधिक बारीक होतात. चेहऱ्यावर फेटल्याने केसांचे खुंट उभे राहतात व त्यांच्या मुळापर्यंत ओल पोचते, परंतु नाजूक त्वचेला ताठ ब्रशाची घासणी सोसत नाही. कोणतीही पद्धत घेतली तरी पाणी थेंबाथेंबाने, ब्रशची टोके पाण्यात जेमतेम टेकवून घालायचे आणि प्रत्येक वेळी ते पुरते मुरेपर्यंत फेटायचे. हा लेप आधी चक्क्यासारखा घट्ट व निस्तेज असतो, मग सैलावत जातो आणि अखेरीस फेटलेल्या सायीसारखी मऊ चकाकी त्याच्यावर येते. ही चकाकी पाणी पुरेसे झाल्याची खूण होय. फेस दोन बोटांत चोळून पाहिला असता बोटे एकमेकांवरून सहज सरकली पाहिजेत. ती चिकटत असतील तर आणखी थोडे पाणी हवे आहे.

बिघडलेल्या फेसाचे निदान फारसे कठीण नाही. गालावर लावल्यानंतर मिनिटाभरात कडेने सुकून त्याची पापडी होत असेल आणि वस्तरा अडखळत असेल, तर पाणी कमी पडले आहे. फेस ताकावरच्या बुडबुड्यांसारखा विरळ असून गळ्यावरून ओघळत असेल, तर एक तर पाणी एकदम जास्त झाले आहे किंवा, जे अधिक वेळा घडते, साबणच कमी घेतला आहे. पहिल्या दोषाला चार थेंब पाणी पुरते. दुसऱ्याला ब्रश पुन्हा वडीवर अर्धा मिनिट फिरवणे हाच उपाय आहे. पाणी अति गरम असल्यास साबण विरघळतो खरा, पण फेसातील पाणी लवकर निथळून तो बसतो, शिवाय त्वचेची आग होते. म्हणून हाताला सुखद वाटेल इतकेच कोमट पाणी घ्यावे. ब्रशमध्ये शिल्लक राहणारा फेस वस्तऱ्याच्या सुलट्या (केसांच्या दिशेने) व उलट्या (केसांच्या विरुद्ध दिशेने) अशा दोन्ही हातांना पुरला पाहिजे. दुसऱ्या हाताच्या वेळी तो कोरडा वाटल्यास ब्रशचे टोक पाण्याला लावून घेतले की पुरते.

दाढी झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्यात साबण पूर्ण निघेपर्यंत धुऊन, झटकून, मोकळ्या हवेत वाळवावा. जड पाण्याच्या गावात ब्रशच्या मुळाशी साका साचून केस ताठर होतात. अधूनमधून पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्यात काही मिनिटे ब्रश बुडवून ठेवल्यास तो सुटतो. वडी डबीत ठेवायची असल्यास ती आधी उघडी वाळू द्यावी, कारण ओल्या वडीवर लगेच झाकण लावले तर तिचा वरचा थर बुळबुळीत होतो आणि कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात डबीला कुबट वास येऊ लागतो.