वाफ बाहेर पडतच नाही

"आजोबा, वाफ मागून निघते ना? मग बुडबुडे कुठे आहेत?"

नातीने हे विचारलं तेव्हा तिची होडी परातीत टुकटुक करत गोल फिरत होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इंदूरला रामबागेत आमच्या घराजवळच्या एका हॉलमध्ये सुट्टीतलं खेळणी बनवायचं शिबिर होतं. फुकट. त्यामुळे मुलांपेक्षा आईबापांची गर्दी जास्त, आणि मुलांच्या हातून कात्री काढून घेण्यात तेच पुढे. शिकवणाऱ्या पोराने घाईघाईत सांगून टाकलं, "भाप पीछे, नाव आगे." मीही आयुष्यभर तेच समजत आलो होतो.

होडी जत्रेतल्या पत्र्याच्या होडीसारखीच. दुधाच्या खोक्याचा सांगाडा, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा दुमडून केलेली चपटी पिशवी, तिला अ‍ॅरल्डाइटने चिकटवलेले दोन स्ट्रॉ, त्यांची तोंडं मागे पाण्याखाली, आणि पिशवीखाली मेणबत्तीचा तुकडा. या खेळण्याचं पेटंट थॉमस पिओ नावाच्या फ्रेंच माणसाने १८९१ साली ब्रिटनमध्ये मागितलं होतं.

आता गंमत. पिशवी आणि स्ट्रॉ आधी पाण्याने गच्च भरायचे. मेणबत्तीने पिशवीतलं थोडं पाणी उकळतं. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. (आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून इथे पाणी शंभरऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. होडीला त्याचं काही नाही.) ही वाफ स्ट्रॉमधलं पाणी मागे ढकलते, पण ढकलता ढकलता स्ट्रॉच्या थंड भागात पोचते आणि तिथेच विरून पुन्हा पाणी होते. आतला दाब पडतो, बाहेरची हवा पाण्याला परत आत दाबते, ते तापलेल्या पत्र्याला टेकतं, पुन्हा वाफ. सेकंदाला काही वेळा हे चालतं. पत्रा आत-बाहेर लवतो, त्याची ती टुकटुक. म्हणजे बाहेर पडतं ते पाणी. वाफ नाहीच, म्हणून बुडबुडेही नाहीत.

पण मग जेवढं पाणी बाहेर जातं तेवढंच आत येतं. होडी जागच्या जागी हलायला हवी, पुढे का जाते?

मेणबत्तीवर फुंकर मारा: हातभर अंतरावरूनही विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा! फुंकर धार धरून सरळ जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. पाण्याचंही तसंच. हिशेब मात्र संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचा, मांडायचा. बाहेर पडणारी धार आपला संवेग घेऊन होडीपासून कायमची दूर जाते, त्याची परतफेड म्हणून होडी पुढे. आत येणारं पाणी ओढून घेताना होडी किंचित मागे खेचली जाते खरी, पण तेच पाणी नळीतून पुढे धावत येऊन पिशवीपाशी थांबतं तेव्हा तो संवेग होडीलाच परत देतं. आत येण्याचा जमाखर्च जवळजवळ शून्य, बाहेर जाण्याचा सगळा नफा. आणि पाणी मधेच थबकत का नाही? वाफ ही स्प्रिंग आणि नळीतलं पाणी हे तिला लावलेलं वजन समजा. वजन समतोलाची जागा ओलांडून पुढे जातंच, आणि दर फेरीला मेणबत्ती झोक्याला द्यावा तसा वेळेवर धक्का देते.

शेजारच्या एका गृहस्थांनी लगेच मोबाइल काढून 'बिना इंधन कायम फिरणारा' चुंबकाचा पंखा दाखवला. अशा पंख्याखाली बहुधा कुठेतरी बॅटरी लपवलेली असते. होडीची मेणबत्ती विझवली तर ती थोड्याच वेळात गप्प होते. दुसऱ्या एका आईला जाणून घ्यायचं होतं की यानं 'ब्रेन डेव्हलपमेंट' किती टक्के होतं.

असली टाकाऊतली खेळणी शाळांतून पोचवणारे अरविंद गुप्ता १९७८ साली आपल्याच मध्य प्रदेशात, होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात आले होते. १९७२ला सुरू झालेला तो कार्यक्रम सरकारने २००२मध्ये बंद केला, याची हळहळ मला अजून आहे.

घरी आल्यावर नातीने स्ट्रॉच्या तोंडाशी कुंकवाचं पाणी सोडलं. लाल रेघ सरळ मागे गेली. मग पुढचा प्रश्न: "दोन स्ट्रॉ कशाला?" एकावरही चालते, दुसरा पाणी भरताना आतली हवा निघून जायला. ऐकलं, आणि दुसरा डबा कापायला बसली.