केव्ही २.१

चेतापेशीच्या पटलातील, विद्युत् दाबानुसार उघडणारी पोटॅशियम मार्गिका, म्हणजे पोटॅशियम आयनांना पटलातून जाऊ देणारे प्रथिनाचे द्वार. माणसात हे ८५८ अमिनो आम्लांचे प्रथिन २० व्या गुणसूत्रावरील केसीएनबी१ या जनुकापासून तयार होते. अशी चार उपएकके मिळून एक मार्गिका बनते. प्रत्येक उपएककाचे सहा खंड पटलाच्या आरपार असून, चौथ्या खंडातील धनप्रभारित अमिनो आम्ले दाबातला बदल ओळखतात.

फळमाशीतील पोटॅशियम मार्गिकेच्या शेकर या जनुकाचा क्रम १९८७ च्या सुमारास हाती आल्यावर, त्याच्याशी साम्य शोधत अनेक पोटॅशियम मार्गिका सापडल्या. केव्ही २.१ चा शोध मात्र साम्यावरून लागला नाही. फ्रेक, जोहो व सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतील जनुकीय प्रतींवरून तयार केलेला आरएनए झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत सोडला आणि उमटणारा प्रवाह मोजून १९८९ मध्ये ती वेगळी काढली. फळमाशीतील शॅब ही मार्गिका तिची जवळची नातलग.

हिप्पोकॅम्पस (मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग) व मेंदूच्या बाह्यकातील पिरॅमिडी पेशींत विलंबित, म्हणजे दाब बदलल्यावर उशिरा सुरू होणाऱ्या, पोटॅशियम प्रवाहाचा मोठा वाटा हिच्याकडे जातो. ती सावकाश उघडते. म्हणून एखाद्या सुट्या क्रियाविभवापेक्षा (चेतापेशीतील क्षणिक विद्युत् स्पंदापेक्षा) सलग, वेगाने येणाऱ्या क्रियाविभवांच्या वेळी तिचे काम अधिक जाणवते.

अनुस्फुरक प्रतिपिंडांनी रंगवलेल्या पेशीत ही मार्गिका सर्वत्र सारखी पसरलेली दिसत नाही. पेशीकाय, वृक्षिकांचा बुडखा आणि अक्षतंतूचा आरंभ येथे तिचे ठळक ठिपके दिसतात. या ठिपक्यांखाली आंतर्द्रव्यजालिका (पेशीच्या आतील पटलांचे जाळे) पेशीपटलाला अगदी लगटून असते. २०१८ मधील प्रयोगांनुसार जालिकेवरील व्हॅप प्रथिने मार्गिकेच्या पेशीतील शेपटाला धरतात. त्यासाठी शेपटावर फॉस्फेट गट असावे लागतात. ग्लुटामेट या चेतापारेषकामुळे पेशीत कॅल्शियम वाढले, की कॅल्सिन्यूरिन हे विकर ते गट काढते. मग ठिपके विरतात आणि मार्गिका कमी दाबालाही उघडू लागते.

ठिपक्यांतील मार्गिकांपैकी बहुतेक पोटॅशियम वाहूनच नेत नाहीत, असे काही अभ्यासक मानतात. त्यांच्या मते तेथे तिचे काम पटल व जालिका जोडण्याचे आहे. इतरांच्या मते प्रवाह हेच मुख्य कार्य. दोन्ही कामे एकाच प्रथिनाची असावीत, हा पक्ष उपलब्ध पुराव्याला अधिक जुळतो. विखुरलेल्या मार्गिका प्रवाह वाहतात, याविषयी फारसा वाद नाही.

इजा झालेल्या पेशीत हिच्यावाटे पोटॅशियम बाहेर पडून पेशीमृत्यूला चालना मिळते, असे संवर्धित चेतापेशींत दिसले आहे. केसीएनबी१ मधील उत्परिवर्तने व बालवयातील गंभीर अपस्मार यांचा संबंध २०१४ मध्ये नोंदला गेला. त्यांतील काहींत मार्गिकेची पोटॅशियम निवडण्याची क्षमता घटते आणि सोडियमही आत शिरते.