पिशवीतून सुटका: व्हायरसविना जीन थेरपीची पार्श्वभूमी

जीन थेरपीत, म्हणजे उपचारासाठी पेशीत जनुक घालताना, सहसा व्हायरस वाहक म्हणून वापरतात. त्याला बाजूला ठेवून जनुक पेशीत पोहोचवण्याची गोष्ट बहुतेक वेळा १९९९ पासून सुरू केली जाते. अमेरिकेतल्या अ‍ॅडिनोव्हायरसच्या चाचणीत १८ वर्षांचा तरुण दगावला, पुढे फ्रान्समधल्या चाचणीत रेट्रोव्हायरसने डीएनए नको तिथे घुसवल्यामुळे काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, आणि मग संशोधक पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) आणि लिपिड (स्निग्ध रेणू) यांच्याकडे वळले, असं सांगतात. या सांगण्यात क्रम उलटा होतो. जी द्रव्यं पुढे गाजली, त्यातली बरीचशी तोवर हाताशी होती. १९६५ मध्ये धनभारित डेक्स्ट्रानच्या मदतीने पोलिओ व्हायरसचा आरएनए पेशींत शिरवला गेला. १९७३ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्याबरोबर अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए गेला. म्हणजे व्हायरसविना वाहतुकीने सुरुवातीला वाहिला तो व्हायरसचाच माल. पेशीत बाहेरचा डीएनए किंवा आरएनए घालण्याला 'ट्रान्सफेक्शन' म्हणतात; या शब्दात 'इन्फेक्शन' अजून दडलेलं आहे. १९८७ मध्ये कृत्रिम धनभारित लिपिड आलं. १९९० मध्ये तर कशातही न गुंडाळलेला प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, उंदराच्या स्नायूत टोचला तरी प्रथिन तयार होतं, असं दिसलं.

खरी रंगत १९९५ पासून. त्या वर्षी पॉलिएथिलिनइमाइन, सगळ्यांच्या तोंडचं पीईआय, या कामाला जुंपलं गेलं. कागदनिर्मितीत आणि पाणी शुद्ध करताना वापरलं जाणारं हे रसायन. ते डीएनएला घट्ट आवळतं, त्याची बारीक गोळी होते आणि पेशी ती आपणहून गिळते. अडचण त्यापुढची आहे. गिळलेली गोळी पेशीच्या आत असली तरी एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकलेली असते. पिशवीच्या पटलावरचे पंप प्रोटॉन आत ढकलत राहतात, पीएच ७.४ वरून ५ च्या आसपास उतरतो आणि शेवटी माल लायसोसोममध्ये जाऊन पचतो.

पीईआय यातून कसं सुटतं, याचं उत्तर म्हणून जे नाव रूढ झालं ते 'प्रोटॉन स्पंज'. पीईआयच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा. शरीराच्या पीएचला त्यातले थोडेच नायट्रोजन प्रोटॉन धरून असतात, बाकीचे रिकामे. पंपाने ढकललेले प्रोटॉन ते शोषून घेतात, त्यामुळे पंप आणखी ढकलत राहतो. भार जुळवायला क्लोराइड आत येतं, त्याच्यामागे पाणी येतं, पिशवी फुगते आणि फुटते. गृहीतक इतकं चित्रमय होतं की पुराव्याची वाट न पाहता ते शिकवलं जाऊ लागलं. पुरावा अजिबात नव्हता असं नाही. पंप बंद पाडणारं औषध घातलं की पीईआयचं काम ढासळायचं. २००३ मध्ये क्लोराइड साचणं आणि पिशवी फुगणं मोजलंही गेलं. पण दुसऱ्याच वर्षी असं आढळलं की काही नायट्रोजन अ‍ॅसिटिल गटाने झाकून प्रोटॉन शोषण्याची क्षमता घटवलेलं पीईआय उलट जास्त चांगलं चालतं. २०१३ च्या मोजमापात तर पीईआय असताना लायसोसोमचा पीएच बदललेला दिसलाच नाही.

आज बरेच जण असं मानतात की फुगण्याचा थोडा हातभार असेल, पण धनभारित पॉलिमर पिशवीच्या पटलाला थेट भोकं पाडतो, हेही तितकंच महत्त्वाचं. माझी तक्रार शब्दाबद्दल आहे. 'स्पंज' म्हटल्यावर शोषणक्षमता वाढवणं हेच उद्दिष्ट झालं आणि नव्या पॉलिमरच्या शोधनिबंधात टायट्रेशनचा, म्हणजे पॉलिमर किती प्रोटॉन शोषतो ते दाखवणारा, आलेख ठरलेलाच असायचा. जो धनभार पिशवी फोडतो तोच पेशीचं बाहेरचं पटलही फाडतो, याकडे लक्ष उशिरा गेलं. शरीरात पीईआयची डाळ फारशी शिजली नाही. गंमत म्हणजे जीन थेरपीसाठीचे एएव्ही व्हायरस पेशींत वाढवताना लागणारे प्लास्मिड आत घालायला आज पीईआयच मोठ्या प्रमाणावर वापरतात.

याच काळात दुसरा, खराखुरा स्पंजही होता. कोलॅजनच्या स्पंजात प्लास्मिड भिजवून तो तुटलेल्या हाडाच्या फटीत बसवायचा. भरून येणाऱ्या जखमेतल्या पेशी तिथे शिरून डीएनए उचलतात. १९९६ मध्ये उंदरांवर आणि १९९९ मध्ये कुत्र्यांवर हाड भरून येताना दिसलं. बायोमटेरियल हा शब्द खऱ्या अर्थाने इथे लागू पडतो, पण या शाखेच्या वाट्याला पुढे प्रसिद्धी कमीच आली.

प्रसिद्धी गेली लिपिड नॅनोकणांकडे. त्यातलं मुख्य लिपिड रक्तात जवळपास भाररहित असतं आणि पिशवीतल्या आम्लात धनभारित होतं. पीएच साधारण ६.४ ला हा पालट होतो. मग ते पिशवीच्या ऋणभारित लिपिडांशी जोडी जमवून पटलाची घडीच मोडतं. तरीही २०१३ च्या एका मोजणीत पिशवीतून सुटलेला आरएनए जेमतेम १ ते २ टक्के भरला. तेवढ्यावर भागलं, कारण मालही बदलला होता. प्लास्मिडला केंद्रकापर्यंत जावं लागतं. १९८० मध्येच सूक्ष्म सुईने तपासलं होतं: डीएनए केंद्रकात टोचला तर जनुक चालतं, पेशीद्रवात टोचला तर जवळजवळ नाहीच. जनुक गप्प करणारे लहान आरएनए आणि प्रथिनाची कृती वाहून नेणारा एमआरएनए यांचं काम पेशीद्रवातच होतं. लिपिडाला मिळालेलं निम्मं श्रेय या मालाचं आहे, असं मला वाटतं.

२०१८ मध्ये असं पहिलं आरएनए औषध मंजूर झालं, २०२० च्या अखेरीस लशी आल्या, २०२१ मध्ये माणसाच्या यकृतात याच कणांतून क्रिस्पर हे डीएनए कापणारं साधन पोहोचलं. लशी सोडल्या तर दर वेळी यकृतच का, तर रक्तातलं अपोई हे प्रथिन कणांना चिकटतं आणि यकृताच्या पेशी ते ओळखून कण आत ओढतात. २०२५ मध्ये यकृतातल्या एका एन्झाइमचा जन्मजात दोष असलेल्या बाळासाठी खास बेस एडिटर, म्हणजे डीएनएचं एक अक्षर बदलणारं साधन, बनवून याच कणांतून दिला गेला. पहिली मात्रा दिली तेव्हा बाळ सात महिन्यांच्या आसपास होतं. पुढच्या काही आठवड्यांत आणखी दोन दिल्या गेल्या. एएव्ही वापरला असता तर पहिल्या मात्रेनंतर शरीरात त्याच्या कवचाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या असत्या आणि दुसरी देणं जवळपास अशक्य झालं असतं.