चार लाखांची गाडी, चाळीस लाखांचे पार्ट

यवतमाळ-वाशीमकडे तालुक्याच्या गावांत हल्ली टिनाच्या शेडात, तुरीच्या कुटाराशेजारी, जर्मन बनावटीची जुनी गाडी उभी दिसते. नवी असताना चाळीस लाखांची, दारात आली ती चार-पाच लाखांत. एवढ्यात नवी घ्यायची तर फार तर छोटी गाडी येते.

मर्सिडीज १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत बनू लागली, तेव्हा ती मोजक्या कारखानदारांपुरती होती. २००७ पासून बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ आणि ऑडी औरंगाबादेत जोडली जाऊ लागली. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी गट करून १५० मर्सिडीज एकदमच घेतल्या आणि महानगरांबाहेरही गिऱ्हाईक आहे हे सगळ्यांना दिसलं. डिझेलचे दर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात, म्हणून स्वस्त. त्यामुळे मोठ्या गाड्याही डिझेलवरच खपल्या.

याच गाड्या पुढे दिल्लीत अडकल्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या तिथे चालवायच्या नाहीत, असा आदेश हरित लवादाने २०१५ मध्ये दिला; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. चांगल्या चालत्या गाड्या मातीमोल झाल्या आणि एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, घेऊन बाहेरच्या राज्यांत निघाल्या. काही आमच्याकडे पोचल्या.

भाव एरवीही पडतोच. विम्याच्या हिशेबात नवी गाडी सहा महिन्यांत ५ टक्के उतरते, पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. पार्टचा भाव मात्र गाडीबरोबर उतरत नाही. इथेच आम्हा कास्तकारांचा अंदाज चुकतो, कारण आमची सवय ट्रॅक्टरची. तीस वर्षांचा ट्रॅक्टर अजून वखर ओढतो, त्याचा पार्ट तालुक्यात भेटतो, आणि मिस्त्री झाडाखाली बसून तो बसवून देतो.

ओळखीच्या एका घरची गाडी रात्री नीट उभी होती. सकाळी पाहतो तर, बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो तशी, बोनेट खाली घालून बसलेली. या गाडीत स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे असतात. रबर वयानेच तडकतं, त्यात आमच्याकडचं पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांचं ऊन. फुगा गळू लागला की हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि तोही जळतो. मग बिघाड दाखवणारा स्कॅनर लावायलाही नागपूर गाठा, तेही टोचन करून. विमा आहे, पण झिजलेल्या पार्टाला तो नसतोच.

मिस्त्री म्हणाला, “गाडी सस्ती भेटली भाऊ, पार्ट थोडीच सस्ता भेटते!”

पुढच्या वर्षी तिला पंधरा वर्षं पुरी होतील. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, नव्याने करायची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. तो खर्च त्या घराला जड नाही. पण त्याआधी गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागते, आणि ती अजून बसलेलीच आहे.