मॉर्मन मिशनरीचा आठवडा

‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती पंथाच्या पूर्णवेळ तरुण प्रचारकाचे सात दिवसांचे ठरलेले वेळापत्रक. हा पंथ जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. त्याचे मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या ग्रंथावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणतात, पण हे नाव वापरू नये असा पंथाचा २०१८ पासून आग्रह आहे. २०२४ अखेर जगभरात सुमारे ७४,००० मिशनरी प्रचाराचे काम करत होते आणि त्या वर्षी ३,०८,००० च्या आसपास लोकांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. सरासरी काढली तर एका मिशनरीमागे वर्षाला चार. म्हणजे साप्ताहिक अहवालातल्या बाप्तिस्म्याच्या रकान्यात बहुतेक आठवडे शून्यच पडते. वेळापत्रकही हे शून्य गृहीत धरूनच आखलेले आहे. खालील वर्णन मुख्यतः अमेरिकेतील मिशनचे (प्रचारकांच्या प्रादेशिक विभागाचे) आहे. इतर देशांत वेळा आणि पद्धती थोड्याफार बदलतात.

मुलगे १८ ते २५ या वयात जातात आणि २४ महिने काम करतात. मुलींचा कालावधी १८ महिन्यांचा असतो. त्यांच्यासाठी किमान वय २०१२ मध्ये २१ वरून १९ आणि २०२५ च्या अखेरीस १८ वर्षे करण्यात आले. लग्न झालेले नसावे. कुठे जायचे हे मुख्यालय ठरवते, त्यात निवडीला वाव नाही. पगार नसतो, उलट घरच्यांनी किंवा स्वतः मिशनरीने दरमहा पैसे भरायचे असतात. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी जुलै २०२० पासून ही रक्कम ५०० डॉलर आहे. नेमणूक टोकियोला होवो वा टेक्सासला, आकडा तोच. खाण्यापिण्याचे पैसे दरमहा एका कार्डावर जमा होतात. पहिल्या दोन आठवड्यांत पिझ्झावर हात सैल सोडला की शेवटचा आठवडा अंडी, भात आणि सुक्या नूडल्सवर काढावा लागतो.

जोडी

मिशनरी एकटा राहत नाही. मुलांची जोडी मुलांची, मुलींची मुलींची. मिशन अध्यक्ष (सहसा पत्नीसह तीन वर्षांसाठी नेमलेला ज्येष्ठ सदस्य) या जोड्या लावतो. नियम असा की जोडीदार कायम दिसला आणि ऐकू आला पाहिजे; सूट न्हाणीघर, मिशन अध्यक्षाशी मुलाखत अशा मोजक्या वेळांपुरती. झोपायची खोली एक, पलंग वेगळे. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची नाही : मुलगा ‘एल्डर’ आणि आडनाव, मुलगी ‘सिस्टर’ आणि आडनाव. फोन प्रत्येकाकडे असतो, पण त्यावर काय पाहिले, कोणाला काय लिहिले हे जोडीदार केव्हाही तपासू शकतो.

घरच्यांना वाटते की पोरांना दारे तोंडावर आपटलेली जड जात असतील. तेही जाते, पण दोन वर्षांत खरी कसोटी लागते ती जोडीदाराशी. एक साडेसहाला उठतो, दुसरा सातला. एकाला दहा घरे अजून करायची असतात, दुसऱ्याचे पाय दुखत असतात. आणि भांडी कोणी घासायची हा प्रश्न तर रोजचा. जोडी बदलते ती ट्रान्सफरलाच, आणि ट्रान्सफर सहसा सहा आठवड्यांनी येते. नवख्याला पहिले १२ आठवडे अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली दिले जाते.

दिवसाचा साचा

सकाळी ६:३० ला उठणे, प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, न्याहारी. मग दिवसाचे नियोजन, एक तास एकट्याचा अभ्यास आणि त्यानंतर जोडीचा. जोडीच्या अभ्यासात एक जण शिकवतो आणि दुसरा शंकेखोर गृहस्थ होऊन त्याला अडवतो. परक्या भाषेत काम असेल तर भाषेला आणखी अर्धा ते एक तास. दहा-अकराला बाहेर, रात्री नऊला परत (कोणाकडे शिकवणे चालू असेल तर साडेनऊ), १०:३० ला दिवे बंद. २०१७ पर्यंत हा साचा मिनिटाबरहुकूम होता. तेव्हापासून तो थोडा सैल झाला असून स्थानिक सवयींप्रमाणे मिशन अध्यक्ष वेळा सरकवू शकतो.

यात अडचण अशी की बाहेर पडायच्या वेळी लोक घरात नसतात. अमेरिकेच्या उपनगरांत सकाळी अकराला बेल वाजवली तर दार उघडतो तो निवृत्त माणूस, नाहीतर आतून कुत्रा भुंकतो. म्हणून दुपारपर्यंतचा वेळ सेवाकामात घालवणे शहाणपणाचे : अन्नवाटप केंद्रात खोकी लावणे, कोणाचे घरसामान हलवणे, म्हाताऱ्या सदस्यांची बाग साफ करणे. ऑनलाइन संदेशांना उत्तरेही याच वेळेत दिली जातात. संध्याकाळचे साडेचार ते साडेआठ हेच कमाईचे तास. नेमके त्यातच जेवणाचे आमंत्रण येते. स्थानिक मंडळीतली कुटुंबे आलटूनपालटून मिशनऱ्यांना जेवू घालतात. जेवण तासाभरात उरकावे असा दंडक आहे, पण यजमानीणबाई आग्रहाने दुसरा केक पुढे करते आणि संध्याकाळ गेली. वजन वाढते ते याच वाटेने.

सोमवार

सोमवार बहुतेक मिशनमध्ये तयारीचा दिवस, म्हणजे ‘पी-डे’. सुट्टी म्हणावी तर ती संध्याकाळी सहालाच संपते. तेवढ्यात कपडे धुणे, आठवड्याचा किराणा, केस कापणे, खोलीची सफाई, मिशन अध्यक्षाला साप्ताहिक पत्र आणि घरच्यांशी बोलणे उरकायचे. घरी फोन करायची मुभा पूर्वी वर्षातून दोनदाच होती : नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. याचा फायदा उघड आहे. तोटा असा की घरच्या कटकटी दर सोमवारी नव्याने डोक्यात शिरतात आणि मंगळवारी कामात लक्ष लागत नाही. मन आधीच घरी पोचलेल्या अशा मिशनरीला त्यांच्या बोलीत ‘ट्रंकी’ म्हणतात. ट्रंक भरून बसलेला.

उरलेल्या दुपारी चार-पाच जोड्या जमून बास्केटबॉल खेळतात. पोहायला मात्र बंदी आहे.

आठवड्याचे नियोजन

मंगळवार-बुधवारकडे डिस्ट्रिक्टची बैठक होते. आसपासच्या काही जोड्या मिळून एक डिस्ट्रिक्ट, काही डिस्ट्रिक्ट मिळून एक झोन. पण आठवड्याचा कणा म्हणजे जोडीचे साप्ताहिक नियोजन. त्याला दोन-तीन तास लागतात आणि तो वेळ चुकवला की पुढचा आठवडा हमखास विस्कटतो.

पद्धत अशी. शिकवणे चालू असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव फोनमधल्या ॲपवर उघडायचे (पूर्वी यासाठी जाडजूड कागदी वही असे). त्याने गेल्या वेळी काय कबूल केले होते? ग्रंथाचा अमुक भाग वाचला का? रविवारी चर्चला आला का? पुढची भेट कधी, आणि सोबत स्थानिक सदस्यांपैकी कोणाला न्यायचे? धूम्रपान सोडू पाहणाऱ्याकडे पूर्वी ते सोडलेला सदस्य नेला तर उपयोग होतो, शेजारची दोन मुले असलेली बाई नेऊन नाही. प्रत्येक भेटीला पर्यायी बेत लिहून ठेवायचा, कारण ठरलेल्या भेटी सर्रास फिसकटतात. गाडी दारात उभी, आत दिवा चालू आणि बेलला उत्तर नाही, हा नेहमीचा अनुभव. पर्यायी बेत त्याच रस्त्यावरचा असावा. नाहीतर सायकलवरून पाच मैल परत जाण्यात तास जातो.

नियोजनाच्या शेवटी दोघे समोरासमोर बसून एकमेकांविषयी बोलतात : काय चांगले चालले आहे, काय खटकते आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना हे फार अवघडल्यासारखे वाटते. बरेच जण ‘सगळं ठीक आहे’ म्हणून हा भाग दोन मिनिटांत आटपतात आणि मग तिसऱ्या आठवड्यात भांडीघाशीवरून भडका उडतो.

रस्त्यावर

दारोदार फिरण्याला ‘ट्रॅक्टिंग’ म्हणतात. सिनेमात आणि विनोदांत मिशनरी हेच करताना दिसतो. प्रत्यक्षात माणसे मिळवण्याचा हा सगळ्यात निष्फळ मार्ग आहे. सदस्याने आपल्या मित्राची घालून दिलेली ओळख कितीतरी पटींनी कामाला येते. त्यानंतर क्रम लागतो ऑनलाइन चौकशी करणाऱ्यांचा. दुसरा काही बेत उरला नाही की दारे वाजवायची.

सायकलवाल्या जोडीकडे शिरस्त्राण, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि हातपंप लागतो. उजव्या पायाची पँट रबराने बांधली नाही तर साखळीत जाते. आपल्याकडचा सराटा, म्हणजे गोखरू, अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत भरपूर पसरला आहे. त्याच्या काट्यांनी एका दिवसात दोन्ही चाके बसतात. ट्यूबमध्ये आधीच सीलंट घालून ठेवणे हा त्यावरचा उपाय. गाडी मिळालेल्या जोडीला महिन्याचे मैल ठरवून दिलेले असतात, ते आधीच संपले तर पायपीट. गाडी मागे घेताना जोडीदाराने खाली उतरून, मागे उभे राहून हाताने इशारे द्यायचे असा नियम आहे. टाय लावलेला पोरगा पार्किंगमध्ये अशा खुणा करताना दिसला की नावाची पट्टी न वाचताही ओळख पटते.

बाप्तिस्मा

शिकवण्याचा एक धडा साधारण अर्ध्या तासाचा असावा. धड्यांत येशूच्या मूळ चर्चची पुनःस्थापना, ईश्वराची योजना, येशूचे शुभवर्तमान आणि मग पाळायचे नियम असा क्रम येतो. नियमांत मद्य, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य, उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला, शरीरसंबंध विवाहातच. माणसे गळतात ती मुख्यतः इथे. नियम शेवटच्या आठवड्यात एकदम सांगणारी जोडी माणूस हमखास गमावते, म्हणून ते लवकर आणि स्पष्ट सांगावेत असे शिकवले जाते. वयाची किमान अट आठ वर्षे. अल्पवयीन असल्यास पालकांची संमती लागते. बाप्तिस्म्याआधीची मुलाखत शिकवणारी जोडी घेत नाही. ती सहसा डिस्ट्रिक्ट किंवा झोनचा प्रमुख घेतो.

विधी बहुधा शनिवारी किंवा रविवारी होतो. बाप्तिस्मा देणारा आणि घेणारा दोघेही पांढऱ्या कपड्यांत कुंडात उतरतात, ठरलेले शब्द जसेच्या तसे म्हटले जातात आणि माणसाला पूर्ण पाण्याखाली नेले जाते. दोन साक्षीदार बारकाईने बघत असतात. शब्द चुकला किंवा पायाचे बोट, केसांची बट वर राहिली तर विधी पुन्हा. उंच माणसाला गुडघे वाकवायला आधीच सांगितलेले बरे. नळ उघडायला विसरणे ही सर्वात सामान्य फजिती : कुंड भरायला काही तास लागतात आणि पाहुणे आल्यावर पाणी घोट्याएवढेच असते.

रविवार

सभा २०१९ पासून दोन तासांची आहे. आधी ती तीन तासांची होती. पाव आणि पाणी यांचा प्रसाद पहिल्या तासात. दाराशी उभा मिशनरी घड्याळ बघत असतो, कारण बोलावलेल्यांपैकी किती आले हा आकडा रात्री कळवायचा असतो. नवे शिकणारे किती, सदस्यासोबत झालेल्या भेटी किती, बाप्तिस्म्याची तारीख ठरलेले किती, झालेले किती असे मोजके आकडे डिस्ट्रिक्टप्रमुखाकडे जातात. ते वरपर्यंत पोचतात म्हणून फुगवण्याचा मोह होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सलग दोन जेवणांचा उपास असतो.

भारत आणि मराठी घरे

मिशनऱ्यांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. ह्यू फिंडले हा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यात काम करू लागला. तिथे छोटी मंडळीही उभी राहिली, पण ती टिकली नाही. आधुनिक काळात बंगळुरू मिशन १९९३ मध्ये आणि नवी दिल्ली मिशन २००७ मध्ये सुरू झाले. भारतात काम प्रामुख्याने सदस्यांच्या ओळखीपाळखीतून चालते.

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या दारातही ही जोडी उभी राहते. चहा विचारला तर नम्र नकार मिळतो. लिंबूसरबत, ताक किंवा नुसते पाणी चालते. घरात एकटी बाई असेल तर एल्डर आत येत नाहीत, दारातच बोलतात. सिस्टर जोडी एकट्या पुरुषाबाबत हेच पाळते. रस नसेल तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे आपले भिडेचे उत्तर कामाचे नाही, कारण ते ॲपमध्ये भेटीची वेळ म्हणून नोंदले जाते. पुन्हा येऊ नका असे स्पष्ट सांगितले तर पत्त्यावर तशी खूण केली जाते, आणि सहा आठवड्यांनी बदलून आलेल्या नव्या जोडीलाही ती दिसते.