सीसी, किलोवॅट आणि ‘एल’ची पाटी

ब्रिटनमध्ये 125 सीसीची मोटारसायकल घेऊन रस्त्यावर उतरायला आजही कुठलीच परीक्षा पास व्हावी लागत नाही. शिकाऊ परवाना काढायचा, एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं, पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी लावायची आणि निघायचं. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. संपलं की पुन्हा एक दिवस घालवायचा, पुन्हा दोन वर्षं मोकळीक. असं करत माणूस जन्मभर शिकाऊ राहू शकतो. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या स्कूटरींच्या मागे वर्षानुवर्षं लटकणाऱ्या मळक्या ‘एल’ पाट्यांचा उगम इथे आहे.

आता दुसरं टोक बघा. सतराव्या वर्षी रीतसर लेखी आणि दोन भागांची प्रात्यक्षिक परीक्षा देऊन छोट्या गाडीचा पूर्ण परवाना मिळवणाऱ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी मधल्या गाडीसाठी तीच प्रात्यक्षिकं पुन्हा द्यावी लागतात आणि एकविसाव्या वर्षी मोठीसाठी तिसऱ्यांदा. उलट ज्याने उभ्या आयुष्यात हँडल धरलेलं नाही असा चोवीस वर्षांचा माणूस आठवडाभराच्या झटपट कोर्समध्ये हवी तेवढी मोठी मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळवू शकतो. नियमाला अनुभवापेक्षा वाढदिवसाची किंमत जास्त आहे, असं म्हणणारे चालक चिडून म्हणत असले तरी चूक म्हणत नाहीत.

नव्या चालकांच्या प्रशिक्षणात आणि परवान्यात सुधारणा करायच्या ज्या सूचना पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्या याच गुंत्याभोवती फिरतात. लेखी परीक्षा त्या एका दिवसाच्या आधी घ्यावी. खालच्या पायरीवर दोन वर्षं काढलेल्याला वर चढताना परीक्षेऐवजी काही तासांचं प्रशिक्षण पुरेसं मानावं. फ्रान्समध्ये मधल्या परवान्यावरून मोठ्यावर जायला सात तासांचं प्रशिक्षण पुरतं. प्रात्यक्षिकाचे दोन तुकडे पुन्हा एक करावेत. यातलं बरंचसं 2016 च्या अखेरीस सरकारने मागवलेल्या सूचना-हरकतींतही होतं. गुंता इतका का झाला हे कळायला मात्र बरंच मागे जावं लागतं, कारण आजची प्रत्येक गाठ ही कधीतरी कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मारलेली आहे.

सुरुवातीला परवाना आणि कौशल्य यांचा काही संबंधच नव्हता. 1903 च्या मोटार कार कायद्याने परवाना आणला, पाच शिलिंग भरले की मिळत असे. चालक कोण आहे हे पोलिसांना कळावं, एवढाच त्याचा उपयोग. मोटारीसाठी किमान वय 17 आणि मोटारसायकलसाठी 14. दोन चाकांवर तोल सांभाळत, चिखलाच्या रस्त्यावर इंजिन हाकायला चौदा वर्षांचं पोर चालेल, चार चाकांवर बसायला मात्र सतरा हवीत! त्या काळी मोटारसायकल म्हणजे इंजिन लावलेली सायकल, ही समजूत कायद्यात शिरली होती. 1930 च्या कायद्याने हे वय 16 केलं. परीक्षा आली त्यानंतर. 1934 मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर 7,343 माणसं मेली आणि 1 जून 1935 पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली.

मोटारसायकलच्या परीक्षेत एक अडचण होती: परीक्षक बसणार कुठे? तो फुटपाथवर उभा राहायचा. उमेदवाराला चार गल्ल्यांना वळसा घालून यायला सांगायचा आणि तो समोरून जाताना दिसेल तेवढं बघायचा. ऐनवेळी ब्रेक मारता येतो का हे तपासायला कुठल्यातरी कोपऱ्यावर हातातली पाटी उंचावून रस्त्यात पाऊल टाकायचा. परीक्षक भलत्याच मोटारसायकलस्वारापुढे आल्याचा किस्सा जुने लोक अजून रंगवून सांगतात. किस्सा खरा असो-नसो, गोम खरी होती. चालक रस्ता कसा वाचतो, वळणाआधी कुठे बघतो, हे फुटपाथवरून दिसत नाही. मोटारसायकलवरून मागोमाग जाऊन, कानातल्या रेडिओवर सूचना देऊन परीक्षा घेण्याची पद्धत थेट 1980 च्या दशकाच्या शेवटी आली.

तोवर कायद्याने सोपी वाट धरली होती. माणूस मोजता येत नाही, तर यंत्र मोजा.

1961 मध्ये शिकाऊ चालकाला 250 सीसीची मर्यादा घातली. साइडकार जोडलेल्या गाडीला ही मर्यादा नव्हती, त्यामुळे मोठ्या इंजिनाची हौस असलेल्यांनी साइडकारचा नुसता सांगाडा आणि वर एक फळी बांधून कायदा पाळला. 1971 च्या डिसेंबरमध्ये सोळा वर्षांच्यांना 250 सोडून 50 सीसीच्या मोपेडवर आणलं. मोपेड म्हणजे काय, तर पायडल मारून चालवता येईल अशी गाडी. व्याख्या कागदावर चोख होती. मग यामाहाची एफएस1-ई आली, पोरं तिला ‘फिझी’ म्हणत. दिसायला थेट छोटी रेसिंगची मोटारसायकल, गिअरबॉक्ससकट. पायडल होते, पण त्यातला एक फिरवून दुसऱ्याच्या बरोबरीने पुढे आणायचा आणि अडकवायचा, की झाले दोन फूटरेस्ट. पायडल मारत ती कोणी किती नेली असेल कोण जाणे. इंजिनावर मात्र ती ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरपर्यंत पळायची. पोरांचा वेग कमी करायला आणलेल्या कायद्याने पोरांना त्यांच्या पिढीची सगळ्यात लाडकी गाडी दिली. अखेर 1977 मध्ये व्याख्याच बदलली. पायडल गेले, ताशी 30 मैलांची मर्यादा आली.

तिकडे 250 सीसीचीही तीच कथा. 1961 मध्ये 250 म्हणजे बिचारी कामावर जायची गाडी. 1970 च्या दशकाअखेर जपानी टू-स्ट्रोक 250 ताशी 100 मैलांच्या घरात पोचल्या, सुझुकीने तर एक्स-7 ची जाहिरातच त्या आकड्यावर केली. आणि ‘एल’ची पाटी लावून, एकही परीक्षा न देता ती चालवता येत होती. 1982-83 मध्ये मर्यादा 125 सीसी आणि 12 बीएचपीवर (म्हणजे अश्वशक्तीवर) आली, प्रात्यक्षिकाचे दोन भाग झाले आणि शिकाऊ परवान्याला दोन वर्षांची मुदत लागली. त्या मुदतीत पास झालं नाही तर वर्षभर गाडी बंद. पुढे ही अट गेली, आणि जन्मभराचा शिकाऊ तिच्या जाण्यातून जन्मला.

यंत्र मोजण्याचा खेळ एकट्या ब्रिटनचा नाही. जपानने 1975 मध्ये 400 सीसीवर रेघ ओढली. त्यावरच्या गाडीसाठीची परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये देता येत नसे, सरकारी केंद्रात द्यावी लागे आणि ती अवघड म्हणून बदनाम होती. होंडाची सीबी400 फोर तेव्हा 408 सीसीची होती. कंपनीने जपानसाठी तिचं इंजिन 398 सीसीचं केलं. दहा सीसीने गाडीच्या धोक्यात तसूभर फरक पडत नाही, विक्रीत पडतो. 1996 मध्ये मोठ्या गाडीचा परवाना ड्रायव्हिंग स्कूलमधून मिळू लागला, तोवर 400 सीसी हा जपानी मोटारसायकलींचा एक अख्खा वर्ग या रेघेच्या सावलीत वाढला होता.

माणसाकडे बघणारं पहिलं मोठं काम अमेरिकेत झालं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरात 900 हून अधिक अपघातांच्या जागी जाऊन तपास केला आणि पोलिसांचे 3,600 अहवाल चाळले. 1981 मध्ये निष्कर्ष आले. अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिन्यांपेक्षा कमी काळ झाला होता, एरवी गाडी चालवण्याचा अनुभव मात्र सरासरी तीनेक वर्षांचा. मोटारीशी टक्कर झालेल्या अपघातांत तीनातल्या दोन वेळा चूक मोटारीची होती, मोटारचालकाला मोटारसायकल दिसलीच नव्हती किंवा उशिरा दिसली होती. संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत साधारण दोन सेकंदही मिळत नव्हते. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला आणि पुढचा, जो खरा गाडी थांबवतो, तो पुरेसा दाबला नाही.

ही दोन सेकंदं फार बोलकी आहेत. अपघाताआधीचा वेगही फार नव्हता, निम्म्या अपघातांत ताशी 30 मैलांच्या आतच. म्हणजे इंजिन किती सीसीचं आहे याने तिथे फारसं काही ठरत नव्हतं. समोरची मोटार वळणार, हे तिच्या पुढच्या चाकावरून आधीच हेरलं का, आणि उजव्या हाताच्या बोटांना पुढच्या ब्रेकची सवय होती का, यावर ठरत होतं.

ब्रिटनमध्ये 1 डिसेंबर 1990 पासून सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण आलं, तेच हे एका दिवसाचं सीबीटी. शिकाऊ चालकाने मागे कोणाला बसवणंही त्याच वेळी बंद झालं. सकाळी नजर तपासतात, हेल्मेट आणि कपड्यांवर बोलतात. मग बंद मैदानात गाडी स्टँडवरून काढणं, ढकलणं, क्लच सोडणं, आठचा आकडा, ब्रेक. मैदानात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार जण, रस्त्यावर दोन. रस्त्यावर किमान दोन तास. शेवटी पास-नापास असं काही नसतं. प्रशिक्षकाला वाटलं की हा एकटा सुरक्षित जाईल, तर तो सही करतो, नाहीतर पुन्हा या म्हणतो. ही सही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते, आणि सगळ्यात नाजूकही. दिवसभर शेजारी असलेला माणूस जे बघतो ते फुटपाथवरच्या परीक्षकाला कधीच दिसलं नसतं. पण त्याच माणसाचं पोट त्या शिकाऊच्या फीवर चालतं.

मग प्रशिक्षण वाढवलं की अपघात घटतात? इथे सुधारकांची जरा पंचाईत होते. नॉर्वेने 1979 मध्ये मोटारचालकांना निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. नंतर पाहिलं तर निसरड्यावर तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढले होते. गाडी घसरली तर आपण सावरू, असा भरवसा बसला की माणूस घसरायला कचरत नाही. आरोग्यविषयक संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, मोटारसायकल प्रशिक्षणावरच्या 23 अभ्यासांचा आढावा 2010 मध्ये आला. अभ्यासांचा दर्जाच असा, की कुठल्या प्रशिक्षणाने अपघात कमी होतात हे सांगता येत नाही, असा त्याचा सूर होता. त्यात एक शक्यता मात्र गमतीची होती: परवान्याआधीचं सक्तीचं प्रशिक्षण काही जणांना इतकं जड जातं की ते परवानाच घेत नाहीत, आणि रस्त्यावर न आलेल्याला अपघात होत नाही.

पुढची भर युरोपातून पडली. 1997 पासून 21 वर्षांवरच्यांना थेट मोठ्या गाडीवर शिकून परीक्षा देण्याची सोय झाली, बाकीच्यांना पास झाल्यावर दोन वर्षं 33 बीएचपीची मर्यादा. 2009 मध्ये प्रात्यक्षिक पुन्हा दोन भागांत तुटलं, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. युरोपीय नियमानुसार अडथळा चुकवायची कसोटी ताशी किमान 50 किलोमीटर वेगाने घ्यायची होती. 50 किलोमीटर म्हणजे 31 मैल. ब्रिटनमधल्या वस्तीतल्या रस्त्यांवर मर्यादा 30 मैल. उमेदवाराला सरकारी परीक्षकाने कायदा मोडायला सांगणं शक्य नव्हतं, म्हणून त्या एका मैलापायी खास आवारं बांधली गेली. ती मोजकीच होती, त्यामुळे शिकाऊ चालक परीक्षेला अनोळखी रस्त्यांवरून लांबलांब जाऊ लागले. वेगमापकावर 50 चा आकडा उमटला पाहिजे, या धसक्याने ओल्या डांबरावर पडणारेही निघाले.

19 जानेवारी 2013 पासून सध्याच्या पायऱ्या लागू झाल्या, आता इंजिनाच्या ताकदीवर: 11 किलोवॅट, 35 किलोवॅट आणि अमर्याद. कारखाने पुन्हा तयारच होते. होंडाच्या सीबी500 मालिकेची ताकद बरोबर 35 किलोवॅट ठेवली गेली. केटीएमची 125 ड्यूक 11 किलोवॅटच्या रेघेवर बेतलेली, आणि ती बनत होती पुण्याजवळ चाकणला. युरोपातल्या पोरांचा परवाना इथल्या असेंब्ली लाइनवर जुळवला जात होता म्हणा ना.

लेखी परीक्षेला 2002 मध्ये जोडलेली धोका ओळखण्याची चाचणी हा या सगळ्यात वेगळा प्रयत्न. 14 चित्रफिती, त्यात धोका उमलू लागताच बटण दाबायचं, 75 पैकी 44 गुण मिळवायचे. डोळा मोजायचा म्हटला तर एवढंच हाताशी आहे. आणि 125 वर निघालेल्या शिकाऊने तीही दिलेली नसते. लेखी परीक्षा आधी घ्या, ही मागणी कोरडी वाटते खरी, पण तिच्यात हेच दडलेलं आहे. मोटारसायकली ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या वाहतुकीच्या जेमतेम एक टक्का आणि मृत्यूंत त्यांचा वाटा साधारण एक-पंचमांश, हे समोर असताना तिला विरोध करणं अवघड आहे. विरोध तरीही होतो. रोजीरोटीसाठी स्कूटर लागणाऱ्याला आणखी एक फी, आणखी काही आठवड्यांची वाट. त्यात लबाडी नाही.

पायऱ्या कमी कराव्यात की जास्त, यावर वाद चालू असतानाच खुद्द मापदंड हलायला लागला आहे. विजेच्या मोटरला सीसी नसतात, किलोवॅट असतात, आणि नियमात धरतात ते मोटर सतत देऊ शकते ते. क्षणभर ती त्याच्या कितीतरी पट देते. बीएमडब्ल्यूची सी इव्होल्यूशन ही विजेवरची मोठी स्कूटर 2014 मध्ये आली तेव्हा तिच्या कागदावर 11 किलोवॅट होते, म्हणजे शिकाऊच्या पायरीवरचे. मूठ पिळली की क्षणभर मिळायचे 35. वजन 265 किलो, आणि उभ्या जागेवरून ताशी 50 किलोमीटरला पोचायला तिला तीन सेकंदही लागत नसत. या गाडीला पायडल नव्हते, एवढाच काय तो फिझीपासूनचा फरक.