इकोस्प्रिन आणि ॲसिट्रॉम: दोन्ही "रक्त पातळ करायच्या" गोळ्या, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर जरा वेळ उभं राहिलं की हे संभाषण कानावर येतंच. "मामा, कुठली गोळी चालू आहे तुम्हाला?" "रक्त पातळ व्हायची घेऊलोय की रोज." "तिचं नाव काय?" "ते काय की बाबा, बारकी असत्या, पांढरी." आता ही बारकी पांढरी गोळी इकोस्प्रिन असू शकते, क्लोपिडोग्रेल असू शकते, नाहीतर ॲसिट्रॉम. मामांच्या लेखी सगळं एकच, पण उद्या त्यांना दात काढायचा असेल, गुडघेदुखीसाठी कुणी पेनकिलर दिली, नाहीतर रात्री नाकातून रक्त सुरू झालं, तर यातली नेमकी कुठली चालू आहे यावरच सगळं ठरतं.

पहिलं म्हणजे रक्त पातळ वगैरे काही होत नाही, ताकात पाणी घातल्यासारखं तर अजिबात नाही. दोन्ही गोळ्या रक्त गोठायला अडथळा आणतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. कृष्णेच्या पुरात बांधाला भगदाड पडलं की पहिल्यांदा लोक धावत जाऊन वाळूची पोती टाकतात आणि नंतर सगळं वाहून जाऊ नये म्हणून वरून जाळी बांधतात, तसंच शरीर करतं. रक्तवाहिनी कापली की काही सेकंदांत प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या बारक्या पेशी, तिथं जाऊन चिकटतात आणि बाकीच्या प्लेटलेटना बोलावतात, ही झाली पोती. तेवढ्यात रक्तातले क्लॉटिंग फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, एकामागून एक जागे होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं, ते फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं आणि त्या धाग्यांची जाळी बसते. इकोस्प्रिन पोती टाकणाऱ्यांना थांबवते, ॲसिट्रॉम जाळीचा माल कमी करते.

इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, फक्त ७५ किंवा १५० मिलिग्रॅमचा बारका डोस. प्लेटलेट जे रसायन सोडून बाकीच्यांना बोलावतात ते थ्रॉम्बॉक्सेन, आणि ते बनवणारं एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं बंद करते. कायमचं म्हणजे अक्षरशः, कारण प्लेटलेटमध्ये न्यूक्लिअस, म्हणजे पेशीचं केंद्रक, नसतो, नवीन एन्झाइम बनवायची सोयच तिच्याकडं नाही, त्यामुळं ती प्लेटलेट मरेपर्यंत तशीच, आणि तिचं आयुष्य साधारण सात ते दहा दिवसांचं. म्हणून आज गोळी बंद केली तरी परिणाम उद्या जात नाही, नवीन प्लेटलेट येतील तसा हळूहळू जातो. मोठ्या ऑपरेशनआधी डॉक्टर कधीकधी आठवडाभर आधी बंद करायला सांगतात ते याचसाठी. ॲस्पिरिन हे नेमकं कसं करते ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि त्या कामासाठी १९८२ चं नोबेल वाटून मिळालं, म्हणजे जग ही गोळी सत्तरएक वर्षं डोकेदुखीसाठी खात होतं आणि ती आत काय करते ते कुणाला धड माहीत नव्हतं.

ॲसिट्रॉमची गोष्ट मात्र गोठ्यातून सुरू होते. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली, शिंगं कापली, खच्चीकरण केलं की रक्त थांबतच नव्हतं. कारण निघालं बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी हाकत मेलेली कालवड, कुजलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये पोचला. ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना त्याची तगमग वेगळी सांगायला नको. पुढं लिंक यांच्या टीमनं त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं, त्यावरूनच वॉरफॅरिन आलं, १९४८ मध्ये ते बाजारात आलं ते उंदराचं औषध म्हणून आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. ॲसिट्रॉममधलं ॲसिनोकूमॅरॉल त्याच कुळातलं. आज उसाच्या फडात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनचे जे केक टाकतात तेही याच घराण्यातले, फक्त फार जास्त दिवस टिकणारे, त्यामुळं पोरानं चुकून खाल्लं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही आणि दोन-तीन दिवसांनी रक्तस्राव सुरू होऊ शकतो, म्हणून "पोरगं तर बरं दिसतंय" म्हणून घरी बसायचं नाही.

हा उशीर का होतो ते कळलं की ॲसिट्रॉमही कळते. लिव्हर क्लॉटिंगचे चार फॅक्टर, दोन, सात, नऊ आणि दहा नंबरचे, व्हिटॅमिन के वापरून तयार करतं. ही गोळी त्या व्हिटॅमिन केचा पुनर्वापर अडवते, म्हणजे नवीन फॅक्टर अर्धवट बनून येतात. पण रक्तात आधीच असलेले चांगले फॅक्टर संपेपर्यंत परिणाम दिसत नाही, सात नंबरचा काही तासांतच निम्मा होतो, दोन नंबरच्याला मात्र अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून ॲसिट्रॉम सुरू करताना सुरुवातीचे काही दिवस हेपॅरिनचं इंजेक्शन बरोबर देतात, ते लगेच काम करतं.

मग एकाला इकोस्प्रिन आणि दुसऱ्याला ॲसिट्रॉम असं का? रक्ताची गाठ कुठं होते त्यावर आहे ते. धमनीत रक्त जोरात वाहतं, तिथं आतल्या चरबीच्या थरावरचं आवरण फुटलं की त्या जोरातही प्लेटलेट जाऊन चिकटतात, ती गाठ मुख्यतः प्लेटलेटचीच. हार्ट ॲटॅक आणि बरेचसे पॅरालिसिसचे झटके या प्रकारचे, म्हणून तिथं इकोस्प्रिन, आणि स्टेंट बसवलेला असेल तर काही महिने क्लोपिडोग्रेल (तीही प्लेटलेटलाच अडवते) किंवा त्याच जातीची दुसरी गोळी जोडीला. आणि जिथं रक्त साचून राहतं, म्हणजे पायाची खोल शिर, ठोके अनियमित झालेल्या हृदयाचा वरचा कप्पा, किंवा बसवलेली मेटलची झडप, तिथं फायब्रिनची जाळी आणि तीत अडकलेल्या लाल पेशी यांची गाठ होते, तिथं ॲसिट्रॉम. अशी गाठ सुटून मेंदूत गेली तर पॅरालिसिस, पायाच्या शिरेतली फुप्फुसात गेली तर धाप लागून जिवावर बेततं.

आपल्या भागात ॲसिट्रॉमवर तरुण माणसंही बरीच दिसतात, त्यातही बायका जास्त, कारण लहानपणी झालेला सांध्यांचा ताप, म्हणजे रुमॅटिक फिव्हर, पुढं झडप खराब करतो, मग बेळगावच्या केएलई हॉस्पिटलात नाहीतर मिरजेला ऑपरेशन होऊन मेटलची झडप बसते आणि गोळी आयुष्यभरासाठी लागते. त्यांना कुणीतरी सांगतं की आता नव्या गोळ्या आल्यात, रक्ताची टेस्टच लागत नाही. आल्यात, हे खरं, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन, आणि बाकी कितीतरी जणांसाठी त्या सोयीच्या आहेत. पण मेटलच्या झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची तशी ट्रायल मध्येच थांबवावी लागली, गाठीही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, ते २०१३ मध्ये छापून आलं. रुमॅटिक झडप आणि जोडीला अनियमित ठोके असणाऱ्यांमध्येही २०२२ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये जुनी पद्धतच, म्हणजे व्हिटॅमिन के अडवणारी गोळी, रिव्हारॉक्साबॅनपेक्षा चांगली ठरली. तर शेजारच्या काकूंची गोळी बदलली म्हणून आपलीही बदलून द्या असा हट्ट इथं कामाचा नाही. आणि पोट राहायचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण ॲसिट्रॉमचा पहिल्या तीन महिन्यांत बाळाला धोका असतो, पण स्वतःच्या मनानं बंद केली तर आईच्या झडपेवर गाठ होते, म्हणजे दोन्हीकडून अडचण, ते त्यांच्याशी बोलूनच ठरवायला पाहिजे.

आता जिथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो तिथं येऊ, टेस्ट. दरवर्षी पावसाळ्यात डेंग्यू येतो आणि "प्लेटलेट किती?" हा प्रश्न घराघरात जातो, त्यामुळं लोकांच्या डोक्यात बसलंय की रक्ताचं सगळं गणित प्लेटलेटमध्ये. मग ॲसिट्रॉमवरचा माणूस सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून येतो आणि म्हणतो प्लेटलेट दोन लाख आहेत, सगळं ओके. तर नाही. नॉर्मल काउंट दीड ते साडेचार लाख हे बरोबर, पण ॲसिट्रॉममुळं तो काउंट हलतच नाही, त्यातून तिचं काहीही कळत नाही. गंमत म्हणजे इकोस्प्रिनचंही कळत नाही, कारण ती प्लेटलेट कमी करत नाही, फक्त त्यांना कामाला लागू देत नाही, आकडा तोच. ॲसिट्रॉमसाठी पाहिजे पीटी-आयएनआर. प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढलेल्या पातळ भागात, थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचं गोठवणारं रसायन टाकून गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात, आणि प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं असलं तरी आकडा जुळावा म्हणून आयएनआरचं गणित, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं १९८३ मध्ये आणली. गोठायला जितका उशीर तितका आकडा जास्त. गोळी नसलेल्या माणसाचा साधारण एक, बहुतेक पेशंटना २ ते ३ च्या मध्ये ठेवतात, मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, मेटलची झडप असेल तर अडीच ते साडेतीन. इकोस्प्रिनला मात्र नेहमीची अशी कुठलीच टेस्ट लागत नाही, आणि "मी पण रक्त पातळची गोळी खातो, मला पण आयएनआर करायचाय" म्हणून पैसे घालवायची गरज नाही.

रक्त काढताना नीट बघा, सीबीसीची ट्यूब जांभळ्या टोपणाची असते, त्यात ईडीटीए, आणि पीटी-आयएनआरची फिकट निळ्या टोपणाची, त्यात सायट्रेट, दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं. निळ्या ट्यूबवर खूण असते आणि रक्त बरोबर तिथपर्यंत भरायला पाहिजे, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. शिर नीट सापडली नाही म्हणून अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटा जास्त येतो, मग डॉक्टर डोस कमी करणार, म्हणजे चूक ट्यूबमधली आणि धोका झडपेला. जांभळ्या ट्यूबचीही एक खोड आहे, काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून गुच्छ करतात आणि मशीनला त्या कमी दिसतात. माणूस ठणठणीत असून काउंट चाळीस हजार आला तर घाबरायच्या आधी स्लाइडवर बघून घ्या म्हणायचं.

रक्तस्रावाच्या ढंगावरूनही बराच अंदाज येतो. प्लेटलेटची गडबड असेल तर हिरड्या, नाक, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, आणि कापल्यावर रक्त लगेच थांबत नाही. फॅक्टरची असेल तर खोल, सांध्यात, स्नायूत, आणि कधीकधी आधी थांबल्यासारखं वाटून काही तासांनी परत सुरू. हिमोफिलियाच्या पोरांचे गुडघे सुजतात ते यामुळंच, त्यांच्यात आठ किंवा नऊ नंबरचा फॅक्टर कमी असतो, प्लेटलेट व्यवस्थित असतात.

खानापूरकडं घोणस किंवा फुरसं चावल्यावर हाच फरक डोळ्यांनी दिसतो. दवाखान्यात दोनेक मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन न हलवता वीस मिनिटं ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरपी करतात, रक्त वाहिलं तर विषानं फॅक्टर संपवलेत. नळी काचेचीच लागते, कारण काचेला लागल्यावर बारा नंबरचा फॅक्टर जागा होतो, प्लास्टिकच्या नळीत धड माणसाचंही रक्त गोठलं नाही असं दिसू शकतं. अशा वेळी प्लेटलेट चढवून काही होत नाही, अँटीव्हेनमच पाहिजे.

खाण्यापिण्याचं, तर इकोस्प्रिनला पालेभाजीचं काही वावडं नाही, तिचा त्रास पोटाला, ॲसिडिटी, अल्सर, संडास काळी झाली तर लगेच दाखवायचं. ॲसिट्रॉमवर असेल तर मेथी, पालक, राजगिरा यात व्हिटॅमिन के भरपूर. म्हणून काहीजण पालेभाजी कायमची सोडतात, तेही चूक, आपल्याकडं पल्ल्याशिवाय, म्हणजे भाजीशिवाय, भाकरी उतरते का? खायची, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच, थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून आठ दिवस रोज दोन पेंड्या आणि नंतर महिनाभर काहीच नाही, असं केलं की आयएनआर वरखाली होतो. यापेक्षा मोठा धोका दुसऱ्या औषधांचा. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, जुलाबाला मेट्रोनिडॅझोल, गजकर्णाला फ्लुकोनॅझोल, हे मेडिकलमधून सहज मिळतं आणि ॲसिट्रॉमबरोबर रक्तस्राव वाढवतं, उलट टीबीचं रिफॅम्पिसिन तिचा परिणाम पार कमी करतं.

आणि दोन्हींपैकी कुठलीही गोळी झालेली गाठ विरघळवत नाही. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर घरी जास्तीची गोळी देत बसायचं नाही. गाठ विरघळवायची औषधं वेगळी, टेनेक्टेप्लेज, स्ट्रेप्टोकायनेज वगैरे, ती दवाखान्यातच देतात, पॅरालिसिससाठी साधारण साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननं मेंदूत रक्तस्राव नाही हे बघूनच, त्यामुळं अथणी-रामदुर्गसारख्या लांबच्या गावाहून निघायचं असेल तर चहा पिऊन निघू म्हणायला वेळ नसतो.

दात काढायचा असेल तर दोन्हींमध्ये पहिलं काम सारखंच, मनानं बंद करायची नाही. इकोस्प्रिन बहुतेकदा चालू ठेवूनच दात काढतात. ॲसिट्रॉम असेल तर एक-दोन दिवस आधीचा आयएनआर बघतात, मर्यादेत असला तर तीही बऱ्याचदा चालू ठेवतात आणि जागेवर टाका घालून कापूस दाबून ठेवायला सांगतात. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही, वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या आयएनआरला सांगायचं. ॲसिट्रॉम शक्यतो संध्याकाळी घ्यायला सांगतात त्याचंही कारण साधं आहे, सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा असेल तर त्याच दिवशी बदलता येतो.